फळीवरचा दिवा

त्याला सगळे टेस्टर म्हणत. बाकीच्यांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं, याच्या खिशाला विजेचा टेस्टर. लग्नाच्या फोटोतसुद्धा कोटाच्या खिशातून त्याची लाल मूठ डोकावते आहे आणि नवी नवरी कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून त्या मुठीकडेच बघते आहे. आपल्या पदरात काय पडलंय याचा तिला तेव्हाच अंदाज आला असावा.

सतराव्या वर्षापासून त्याने भिंती फोडून वायरी ओढल्या. पन्नाशीला गुडघे कुरकुरायला लागले, शिडी नकोशी झाली, तेव्हा तो एक नवंच काम शिकला. घरातले दिवे फोनवरून लावायचे, बंद करायचे, नाहीतर ठरल्या वेळी आपोआप लागतील असं करून द्यायचं. बरोबरीचे वायरमन हसले. "भिंतीवरचं बटण दाबून लोकांची बोटं झिजली काय?" असं विचारायला लागले. टेस्टरने तोंडाला तोंड दिलं नाही. नाकावर चष्मा आणि पुढ्यात लॅपटॉप ठेवून सहा महिने काढले. वर्षभरात त्या हसणाऱ्यांतलेच दोघं त्याच्याकडे शिकायला आले, तर त्यांना शिकवलंही. एवढा तो सज्जन.

कामात मात्र सज्जन नव्हता, हटवादी होता. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे कुणा दुसऱ्याने बसवलेलं काम होतं. दिवाणखान्यातला दिवा भिंतीवरून लावला की अर्ध्या तासाने आपोआप बंद व्हायचा. एकदा बाईंच्या नवऱ्याचे साहेब जेवायला आले. दिवा आधीपासून लागलेलाच होता, बाईंनी हौसेने फोनवरून पुन्हा लावला. पण आधीच्या बटणाचा टायमर कुणी रद्द केला नव्हता, तो आतल्या आत चालूच होता. साहेबांचा घास तोंडाशी जायला आणि घरात काळोख व्हायला एकच गाठ पडली. टेस्टरने दहा मिनिटांत काम नीट केलं आणि त्यावर पाऊण तास व्याख्यान दिलं. "शेवटचा हुकूम खरा, बाई. नवा हुकूम आला की जुना टायमर आधी मारायचा. नाहीतर तो अंधारात दबा धरून बसतो आणि भलत्या वेळी बाहेर येतो." बाईंना दातांचं ऐकवायची सवय, ऐकून घ्यायची नव्हती, तरी त्यांनी निमूट ऐकलं.

त्याचा दुसरा हट्ट म्हणजे नोंद. कुठल्याही घरात कुठलाही दिवा लागला की फोनवरच्या यादीत एक ओळ उमटायची आणि ओळीच्या टोकाला एक छोटं चित्र. भिंतीवरच्या किंवा हातातल्या बटणाने लावला तर पंजा, फोनवरून लावला तर फोन, टायमरने लावला तर घड्याळ. "दिवा लागला एवढंच बघू नका," तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा, "कोणी लावला ते बघा." हे वाक्य त्याने शंभर घरांत तरी सांगितलं असेल. आता आठवलं की त्याला तोंड लपवावंसं वाटतं.

त्याची ताई चार तासांच्या बसप्रवासावर दुसऱ्या गावात राहायची. त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता. वडील फिरतीच्या नोकरीवर असायचे, म्हणजे ताईच आई झाली म्हणा ना. ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला तो मोठा हेडफोन, समोर भोकांचा फळा, आणि दिवसभर याची तार त्याच्या भोकात. हा शाळेतून घरी यायचा त्या वेळी ती कामावर असायची. तर रोज दुपारी चार वाजता घराखालच्या किराणा दुकानातला फोन वाजायचा. दुकानदार ओरडायचा, "बारक्या, तुझी ताई!" हा जिना उतरून धावत जायचा. तिकडून आवाज यायचा, "मी आहे रे. आलास ना? बरं." आणि फोन बंद, कारण मागे लोक ताटकळलेले असायचे. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम. नऊ वर्षांत तो फोन चुकला नाही. ताईला ताप असला तर ती तापात कामावर जायची, आणि लोक म्हणायचे काय ही कामाची हौस!

एक्सचेंजचा एक नियम तिने त्याला लहानपणीच सांगून ठेवला होता. लाइन लागत नसेल तर "लावते" म्हणून निघून जायचं नाही. दर अर्ध्या मिनिटाने परत यायचं आणि "थांबा, मी आहे" म्हणायचं. "मेल्या लाइनीवर माणूस ठेवायचा नाही बघ," ती म्हणायची. "तो बिचारा बोलत राहतो रे, त्याला वाटतं पलीकडे कुणीतरी आहे."

तिने लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची टेस्टरची कधी छाती झाली नाही. निवृत्त झाल्यावरही ती आपल्या दोन खोल्यांतच राहिली. "तुमच्याकडे येऊन मी काय करू? तुझी बायको भली आहे, तिला भलीच राहू दे," असं म्हणून तिने भावाला वाटेला लावलं होतं. रोज फोन केलेलाही तिला खपायचा नाही. "मी मेले का बघायला रोज सकाळी उठतोस होय?" साठी उलटली तरी जिभेची धार तशीच होती.

मग टेस्टरने डोकं चालवलं. तिच्या स्वयंपाकघरातला मोठा दिवा त्याने आपल्या फोनला जोडला. ती बसून भाजी निवडायची त्या खुर्चीशेजारी, टेबलाच्या पायाला, सेलवर चालणारं एक बटण चिकटवलं, म्हणजे तिला ऊठबस नको. एकदा दाबलं की दिवा लागायचा, पुन्हा दाबलं की जायचा. आणि डब्यांच्या फळीवर एक छोटा पिवळा दिवा ठेवला. साडेपाचला ताई उठून मोठा दिवा लावायची, इकडे याच्या फोनवर पंजाची ओळ उमटायची. हा चहाचा कप बाजूला ठेवून फोनवरून फळीवरचा दिवा लावायचा. दहा मिनिटांनी तो आपला आपण जायचा. बस्स, एवढंच. ताईला ही गंमत भारी आवडली. "आलास का रे बारक्या?" असं ती त्या दिव्याला मोठ्याने म्हणायची, हे शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी सांगितलं. त्या बाई घरीच मशीन चालवायच्या, दोन्ही स्वयंपाकघरांची भिंत एक, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू यायचं.

दोन वर्षं त्याने ती सकाळ एकदाही चुकवली नाही. त्याची बायको थट्टा करायची, "अहो, माझ्याकडे बघून कधी एवढं हसला नाहीत." तो लाजायचा. त्या दोन वर्षांत तो सुखी होता, हे त्याला पुढे कळलं.

मग एक मोठं काम आलं. चाळीस घरांची नवी इमारत, प्रत्येक घरात सगळे दिवे टायमरवर. पहाटे पाचला घर सोडायचं, फोनवर सतरा माणसं, हातात दोन-दोन वायरी. फळीवरचा दिवा एक दिवस राहिला, मग आठवड्यातून दोन दिवस राहायला लागला. ताईने तक्रार केली नाही. रविवारी बोलताना फक्त म्हणाली, "परवा आणि काल तू आला नाहीस. बरा आहेस ना?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि शरमलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं, म्हणजे सुधारण्याऐवजी झाकलं. त्याच संध्याकाळी त्याने एक नियम लिहिला. मोठा दिवा लागला की दोन ते सहा मिनिटांत कधीतरी फळीवरचा दिवा लावायचा. रोज वेगळ्या मिनिटाला लावायचा, म्हणजे तो माणसासारखा वाटेल. मोठा दिवा पुन्हा लावला तर जुना टायमर मारून नवा सुरू करायचा. सगळं कसं चोख. काम संपवून तो खुशीत बायकोला म्हणाला, "आता तिची एकही सकाळ चुकणार नाही."

बायको म्हणाली, "त्यांना सांगा म्हणजे झालं."

"सांगतो की," तो म्हणाला. इमारतीचं काम संपलं की नियम काढून टाकायचा, पुन्हा आपण स्वतः लावायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. इमारत संपली, दुसरी आली. ताईच्या दिव्याची ओळ गिऱ्हाइकांसमोर फोन थरथरवते म्हणून तीही सूचना त्याने बंद केली. रविवारी ताई म्हणायची, "अलीकडे अगदी नेमाने येतोस हो!" आणि तो "हो ना" म्हणायचा. असे अकरा महिने गेले.

त्या दिवशी तो एका कचेरीत उभा राहून साहेबलोकांना समजावून देत होता की, दिवा लागला एवढंच बघू नका. दुपारी साडेबाराला शिवणवाल्या बाईंचा फोन आला. दारातलं वर्तमानपत्र उचललेलं नाही हे बघून त्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर ताई खुर्चीपाशी फरशीवर पडलेली. खुब्याचं हाड मोडलं होतं. शुद्धीवर होती, पण गारठून गेली होती.

बसमध्ये बसल्यावर त्याने यादी उघडली. मोठा दिवा, पाच एकोणचाळीस, पंजा. फळीवरचा दिवा, पाच त्रेचाळीस, घड्याळ. इथवर रोजचंच. मग सहाला मोठा दिवा बंद, लगेच चालू, पंजा. फळीवरचा दिवा, घड्याळ. सातला पुन्हा तेच. नऊला पुन्हा. अकराला पुन्हा. फरशीवर पडल्या पडल्या तिचा हात टेबलाच्या पायावरच्या बटणापर्यंत पोचत होता. ती हाक मारत होती आणि चारही वेळा फळीवरून ओ आली होती. एकदा चार मिनिटांनी, एकदा दोन, एकदा सहा, एकदा तीन, अगदी माणसासारखी. काम थोडं जरी ढिसाळ केलं असतं, जुना एखादा टायमर जिवंत राहून दिवा वेड्यासारखा लुकलुकला असता, तरी तिला संशय आला असता. पण याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. चार तास तो त्या घड्याळांकडे बघत राहिला आणि शेजारच्या प्रवाशाने दोनदा विचारलं, "काही होतंय का तुम्हाला?"

दवाखान्यात ताईने त्याला बघितलं आणि हसली. "आलास? बस मिळाली नाही वाटतं वेळेवर."

त्याने हातातला फोन खिशात टाकला.

"मी या बाईंना तेच सांगत होते," ताई शिवणवाल्या बाईंकडे बघून म्हणाली. "फोन पलीकडच्या खोलीत राहिला होता. पण भावानं दिवा लावला ना, म्हटलं कळलंय त्याला, निघाला असेल. मग कशाला उगाच आरडाओरडा करून तुम्हाला मशीनवरून उठवायचं? सहाला लावला, सातला लावला. नऊलाही, म्हणजे बसमधूनसुद्धा लावत होता बघा! किती धीर आला मला." मग त्याला म्हणाली, "तोंड का असं करून उभा आहेस? मी आहे की अजून."

भिंतीपलीकडे माणूस होतं. एक हाक मारली असती तर सहा वाजताच दार उघडलं असतं. हाकेची गरजच नाही, असं तिला सांगणारा फळीवर बसलेला होता.

शस्त्रक्रिया झाली. फरशीच्या गारठ्याने छाती भरली होती, त्यात महिना गेला. नंतर ताई भावाच्या घरी आली, वॉकर घेऊन आली, आणि आता आपण परत जाणार नाही हे तिलाही कळलं होतं. सामानाबरोबर तिने तो पिवळा दिवा पदराच्या टोकात गुंडाळून आणला. भेटायला येईल त्याला ताई त्या दिवसाची गोष्ट सांगायची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला सांगितली, वरच्या मजल्यावरच्यांना सांगितली, गॅसवाल्यालाही सांगितली. "भाऊ असावा तर असा," असं गॅसवाला म्हणाला. टेस्टर तेव्हा दुसऱ्या खोलीत जाऊन उगाच एखादा होल्डर उघडून बसायचा.

"सांगून टाकू का गं?" एकदा त्याने बायकोला विचारलं.

"अहो, तेव्हा सांगा म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "आता सांगून तुम्हाला हलकं वाटेल. त्यांचं काय?" तिचं बरोबर होतं, आणि त्याला ते सोयीचंही होतं. त्यामुळे आणखी तीन महिने तो गप्प राहिला.

एका दुपारी ताईने त्याला हाक मारली. तिच्या मांडीवर फोन होता. "शिवणवाल्या बाईंशी बोलत होते. त्या एकट्या असतात, मुलगा लांब परदेशात. मी सांगितलं, माझा भाऊ तुम्हाला तसाच दिवा बसवून देईल. मुलगा तिकडून रोज लावील. तो कामात असतो म्हणतात, पण आमचा बारक्या काय रिकामा होता? पुढच्या आठवड्यात जाशील ना?"

टेस्टर म्हणाला, "नको, ताई."

"का रे?"

"नको म्हणतो ना."

"अरे पण का? माझा जीव त्या दिव्यानं..."

"मी नव्हतो, ताई." बोलून गेल्यावर त्याला आपलाच आवाज परका वाटला. "त्या दिवशी दिवा मी लावला नाही. टायमर होता. तू बटण दाबलंस की तो आपोआप लागत होता. मला काहीच माहीत नव्हतं. मी कचेरीत होतो."

ताईने मांडीवरचा फोन बाजूला ठेवला. तो वाट बघत होता, की ती त्या सहा-साडेसहा तासांबद्दल विचारील, फरशीबद्दल विचारील, रागावेल. मोडलेल्या हाडाचं उत्तर त्याने मनात शंभर वेळा तयार केलं होतं. तिने विचारलं ते वेगळंच.

"कधीपासून?"

"काय?"

"टायमर कधीपासून होता?"

त्याने सांगितलं, "अकरा महिने आधीपासून."

ताईने खिडकीकडे तोंड केलं. तिचे ओठ हलत होते, ती एकेक सकाळ आठवत असावी. "म्हणजे मी त्या घरमालकाचं सांगितलं, तेव्हा तू नव्हतास," ती हळूच म्हणाली. "एक्सचेंजमधल्या त्या माणसाचं सांगितलं, मी लग्न का केलं नाही ते... त्या दिवशी दिवा सहा मिनिटांनी लागला होता. मला वाटलं, बारक्या विचार करतोय. बाबांचं सांगितलं, तेव्हाही नव्हतास."

"ताई, मला ऐकू तर आधीपण येत नव्हतं गं. नुसता दिवाच होता तो."

"ते मला काय कळत नाही? मी तारा जोडण्यात जन्म घालवला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ऐकू येत नव्हतं तरी तू होतास ना रे पलीकडे. माझ्या वेळी जागा होतास. तेवढ्यावर मी बोलत होते. मला मेल्या लाइनीवर ठेवलंस तू."

टेस्टर तिच्या पायांशी बसला आणि रडला. पंचावन्न वर्षांचा माणूस, खिशातला टेस्टर छातीला टोचतोय याचंही भान नव्हतं. ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसाच. रागावली नाही. पण त्या दिवसापासून गोष्टही सांगायची बंद झाली.

ते इमारतींचं काम त्याने सोडलं. आता तो साडेपाचला उठतो. ताई वॉकर सरकवत स्वयंपाकघरात येते, भिंतीवरचं बटण स्वतःच्या हाताने दाबते, खुर्चीत बसते. तो समोर बसलेला असतो. ती विचारते, "तूच आहेस ना रे?" आणि तो म्हणतो, "मीच आहे, ताई." मग दोघं चहा पितात. हवेबद्दल बोलतात, गुडघ्यांबद्दल बोलतात. शिवणवाल्या बाईंकडे तो जाऊन आला, त्यांच्या मुलाशी बोलला, रोज स्वतः फोन कर म्हणून सांगून आला. ताईने ऐकून "बरं केलंस" म्हटलं. एक्सचेंजमधला तो माणूस कोण होता, बाबांचं काय होतं, हे त्याला कळलेलं नाही. एकदा त्याने धीर करून विचारलं.

"ताई, ते तू सकाळी सांगायचीस ते मला सांग ना. आता मी आहे."

ताईने कप खाली ठेवला. फळीवर तो पिवळा दिवा होता. त्याची वायर गुंडाळून, रबर लावून बायकोने तिथे ठेवून दिला होता.

"माझं सांगून झालं रे, बारक्या," ती म्हणाली. "त्याला विचार."